थेंब न दिलेली पाटी

१

तीन फेब्रुवारी, सोमवार. आभाळ स्वच्छ, वारा कोरडा. सकाळी बोटं आखडतील इतकी थंडी होती, दुपारी ती राहिली नाही.

पाट्या कोरण्याच्या दुकानात त्या दिवशी चाळीस पितळी पाट्यांचं काम आलं. गावाबाहेर नवं विश्रामगृह होत होतं, त्याच्या चाळीस खोल्यांच्या दारांवर लावायच्या. पाटी बारा सेंटिमीटर रुंद, आठ उंच. नाव नाही, नंबर नाही. प्रत्येक पाटीवर एकच इंग्रजी अक्षर, विश्रामगृहाच्या नावातलं पहिलं. फक्त ते ठोकळ्याचं नको होतं, वळणाचं हवं होतं. करसिव्ह.

मालकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं जी बाई बसायची तिला सगळं दुकान ठोकळाबाई म्हणायचं. वय सत्तेचाळीस. शाळा चौथीतच सुटलेली. एकवीस वर्षं ती ठोकळ्याची अक्षरं कोरत होती, उभी, ताठ, एकमेकांना न शिवणारी. डॉक्टरांच्या पाट्या तिच्या, वकिलांच्या तिच्या, ‘कुत्र्यापासून सावध’ तिचीच. वळणाचं काम दुकानातले मास्तर करायचे, पण त्यांचा हात थरथरायला लागला आणि सहा महिन्यांपूर्वी ते घरी बसले.

“बाई,” मालक म्हणाले, “एक अक्षर शिकायला किती दिवस लागतील?”

“दहा,” ती म्हणाली. कुठून आला हा आकडा, तिलाच ठाऊक नव्हतं.

“दहा दिवसांत तर पोपट बोलायला लागतो,” मागून पॉलिशवाला म्हणाला. “ठोकळाबाई, जरा कंबर सैल सोडा, म्हणजे अक्षराला वळण येईल.”

“तू तुझी जीभ पॉलिश कर आधी,” ती म्हणाली, आणि कागदावरचं अक्षर भिंगातून बघायला लागली.

२

मास्तरांच्या नमुन्यांची वही शोधली, सापडली नाही. म्हणून घरी जाताना तिनं स्टेशनरीच्या दुकानातून पहिलीच्या मुलांचं सुलेखनाचं पुस्तक घेतलं. प्रत्येक अक्षराला एक पान. वर मोठं नमुना-अक्षर, त्यावर बाणांनी दिशा, खाली ठिपक्यांच्या रेघा.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ओटा, टेबल आणि तिचं अंथरूण. आतल्या खोलीत लेकीची लोखंडी कॉट. मध्ये दाराची चौकट होती, दार नव्हतं. लेक एकवीस वर्षांची. लाँड्रीत इस्त्रीला जायची, पहाटेची पाळी, दोनला घरी. बाप ती तीन वर्षांची असताना गेला. तेव्हापासून दोघीच.

“आई, हे काय? पहिलीत नाव घातलंस?”

“पहिलीत तू काय दिवे लावले होतेस ते मला माहीत आहे. गप बस.”

“बाई मारणार का चुकलं तर?”

“तुला मारेन.”

लेक हसत आत गेली. ती टेबलावर वाकली.

अक्षर दिसायला सोपं होतं. रेघेवरून बारीक चढत जायचं, वर एक फास घ्यायचा, मग सरळ खाली यायचं, चढताना जितकं हलकं तितकं उतरताना जाड. रेघ ओलांडून खाली जायचं, तिथं दुसरा फास घ्यायचा, आणि परत रेघेवर येऊन उजवीकडे शेपूट सोडायचं. वर फास, खाली फास, आणि मधून निघालेलं शेपूट. हात एकदाही उचलायचा नाही.

ठोकळ्याचं अक्षर संपतं. रेघ ओढली, हात उचलला, संपलं. हे संपत नव्हतं. शेवटी हात उचलायची वेळ आली की बोटं थोडी पुढं जायची, कुणाचा तरी हात धरायला निघाल्यासारखी. पुस्तकात ते तसंच होतं. मुलांनी पुढचं अक्षर जोडावं म्हणून शेपूट लांब आणि मोकळं छापलं होतं.

एका ओळीत बारा, एका पानावर एकशे वीस. रोज संध्याकाळी वहीचं एक पान, कोपऱ्यात तारीख आणि त्यातली बरी अक्षरं किती तो आकडा. पहिल्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी एकतीस. दहाव्या दिवशी एकशे अकरा. हात बसला.

३

चौदा फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन.

तिनं पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात मारला, तो वाळल्यावर पेन्सिलीनं अक्षर काढलं आणि पाटी वाळूच्या उशीवर ठेवली. कोरणी पेन्सिलीच्या रेघेमागून जाते, एवढाच या धंद्याचा सगळा मंत्र. उजव्या हातानं कोरणी ढकलायची, डाव्या हातानं पाटी फिरवायची. पितळेची बारीक कुरळी तार निघते आणि दाताखाली वाळू यावी तसा ‘कर्र’ आवाज येतो.

तिच्या कोरणीच्या टोकाला एक खाच होती, केसाएवढी. धार लावूनही जायची नाही. त्यामुळे तिनं कोरलेल्या रेघेच्या तळाशी भिंगातून पाहिलं तर आणखी एक केसासारखी रेघ दिसायची. हजार पाट्यांत ती स्वतःची पाटी ओळखू शकायची.

अक्षर सुरेख उतरलं. पण रंग पुसला तेव्हा लक्षात आलं की ते मधोमध नाही. फार डावीकडे बसलं होतं. उजवीकडे साडेसहा सेंटिमीटर पितळ कोरं.

“हे काय बाई,” मालक म्हणाले, “शेजारी कुणाला बसवायचं होतं का?”

पॉलिशवाल्यानं फडकं फिरवलं आणि ते अडकलं. सूत ओढलं गेलं. “अहो, शेपटीला थेंब नाही दिलात. मास्तर टोकाला बारीक थेंब द्यायचे, बंद करायचे ते. नाहीतर धार राहते.”

“पुस्तकात नव्हता.”

“पुस्तकात पितळही नसतं.”

तिनं कानाला खडा लावला. पुढच्या चाळीस पाट्यांवर अक्षर मधोमध बसवलं आणि प्रत्येक शेपटीला थेंब दिला. पहिली बिघडलेलीच होती, तिला थेंब देऊन काय करायचं? मालकांना विचारून ती पाटी तिनं घरी नेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी लिहिलेलं पहिलं वळणाचं अक्षर. लेकीला दाखवलं.

“भारी,” लेक म्हणाली. मनापासून म्हणाली. मग बोटानं अक्षर गिरवलं, रेघेवरून फासात, फासातून खाली, आणि शेपटीच्या टोकाशी “स्स” करून बोट मागं घेतलं. बोटावर रक्ताचा टिपूस आला होता.

“धार आहे,” आई म्हणाली. “चोख ते.”

टेबलावरच्या भिंतीत खिळा होता, त्यावर पाटी टांगली. सवयीनं पट्टी लावून पाहिली. शेपूट नऊ मिलिमीटर.

४

सतरा तारखेला, सोमवारी सकाळी, टेबल पुसताना तिला पितळेची कुरळी तार सापडली. नखाएवढी. कपड्याला चिकटून आली असेल, ती मनाशी म्हणाली. अशा तारा तिच्या केसांतसुद्धा निघायच्या. पण वर पाटीकडे नजर गेली आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. तिनं पट्टी लावली.

तेरा मिलिमीटर.

पट्टीचं टोक घासलेलं होतं. म्हणजे आधी मोजताना चूक झाली. तिनं दुकानातून नवी पट्टी आणली. मंगळवारी एकवीस. बुधवारी अडतीस. रोज टेबलावर तार, रोज थोडी लांब.

“तू पाटीला हात लावलास?” तिनं लेकीला विचारलं.

“मी? मला इस्त्रीशिवाय काही धरता येतं का?”

“खरं सांग.”

“आई, तुझी ती कोरणी मी धरली तर बोटच कोरून ठेवीन. काय झालंय?”

“काही नाही. मोजायला चुकले.”

मग तिला स्वतःचाच संशय आला. झोपेत उठून माणसं काय काय करतात, ती तर एकवीस वर्षं एकच काम करत होती. हात आपोआप चालत असेल. बुधवारी दुकान बंद करताना तिनं कोरणी फडक्यात गुंडाळून तिथंच खणात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली मालकांकडे दिली.

गुरुवारी सकाळी शेपूट पाटीच्या कडेला पोचलं होतं. आणि कडेवर थांबलं नव्हतं. भिंतीच्या निळ्या रंगातून तीच बारीक रेघ चार बोटं पुढं गेली होती, समोर आखलेली ओळ असावी तशी सरळ, उजवीकडे. टेबलावर पितळेच्या तारेबरोबर निळ्या रंगाची भुकटी पडली होती.

तिनं भिंग आणलं. रेघेच्या तळाशी केसाएवढी दुसरी रेघ होती.

कोरणी त्या क्षणी दीड किलोमीटरवर कुलपात होती.

५

तिनं पाटी खिळ्यावरून काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि लोखंडी पेटीत तळाशी ठेवून वर गाद्या रचल्या. भिंतीवरचे पोपडे काढून रेघेत लांबीचा लगदा भरला, वर रंगाचा हात मारला. सगळं करून ती कामावर गेली आणि दिवसभर पाट्या कोरल्या. त्या दिवशी सात झाल्या. प्रत्येकीला थेंब.

शुक्रवारी दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती लवकर घरी आली. अडीच वाजले होते. लेक आत झोपली होती. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं, बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं. ती पाण्याचा घोट घेत होती तेव्हा आवाज आला.

कर्र.

मग थांबला. हात फिरवायला जितका वेळ लागतो तितकाच थांबला. मग परत, कर्र.

एकवीस वर्षं हा आवाज तिच्या हाताखालून आला होता. आज तो समोरून येत होता, भिंतीतून, दाराच्या चौकटीजवळून. तिनं पेला खाली ठेवला. लांबी भरलेली जागा तशीच होती, तिला धक्काही नव्हता. त्या जागेच्या पुढं नवी रेघ सुरू झाली होती. ती चौकटीच्या लाकडावर चढली होती आणि लाकडाचा बारीक भुसा उंबऱ्यावर पडत होता. रेघेचं टोक तिनं पाहिलं नाही. टोक होतं तिथं नजर ठरत नव्हती, डोळ्यात काही गेल्यासारखं व्हायचं.

चौकटीच्या पलीकडे चार फुटांवर कॉट होती.

“आई?” लेक झोपेतूनच म्हणाली. “उंदीर आहे का गं?”

“हो,” ती म्हणाली. “झोप तू.”

६

शनिवारी दुकान अर्धा दिवस. दुपारी ती मास्तरांकडे गेली. मास्तर मुलाकडे राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. सुनेनं चहा दिला. मास्तरांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडलाच.

तिनं कागदावर अक्षर काढून दाखवलं. मास्तर बराच वेळ बघत राहिले.

“वरचा फास जरा आवळ. बाकी हात चांगला आहे. एवढी वर्षं मी तुला शिकवलं नाही, चुकलंच माझं.”

“मास्तर, शेपटीला थेंब कशासाठी देतात?”

“कपडा अडकतो.”

“तेवढ्यासाठीच?”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “राहिला का एखादीला?”

“पहिल्या पाटीला. बिघडली होती म्हणून दिला नाही. घरी नेली.”

“भंगारातल्या पाटीलाही द्यायचा असतो गं,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. मग विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“मी आणि लेक.”

“लेक पाटीच्या कुठल्या अंगाला झोपते?”

“उजव्या.”

मास्तरांनी अक्षराचा कागद पालथा करून ठेवला. आत सून भांडी विसळत होती, नळाचा आवाज येत होता.   एरवी खुर्चीवरून उठतानाही मास्तर दोन विनोद करायचे, आज एकही नाही.

“रेघ आडवी आहे ना अजून?”

“आडवी आहे.”

“मग आज जाऊन थेंब दे. पाटीवर नाही, टोक जिथं असेल तिथं. आडवी आहे तोवर ते शेपूट असतं. शेपटीला थेंब देता येतो.”

“आणि आडवी नसेल तर?”

“वर चढायला लागली की ते शेपूट नव्हे. तू शिकलीयेस की. पुढच्या अक्षराची सुरुवात कुठून होते?”

 उत्तर तिनं बाराशे वेळा लिहिलं होतं.

“मग थांबत नाही का?”

“अक्षर पुरं झाल्यावर थांबतं. पुरं करून थेंब दिला की.” मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते भिंतीवरच्या फळीकडे बघत होते. फळीवर एक पितळी पाटी होती, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली.

सून दारापर्यंत पोचवायला आली. चपला घालताना तिनं पाटीबद्दल विचारलं.

“सासूबाईंची म्हणतात,” सून म्हणाली. “आम्ही कधी सरळ करून पाहिली नाही, बाबांना चालत नाही. मी यायच्या आधीची गोष्ट. आमच्या यांना लहानपणी हाताला काहीतरी झालं होतं, त्या उशाशी बसल्या होत्या. भर दुपारी उठून कुठं गेल्या, त्या गेल्याच. चपला स्टुलाखाली तशाच.” तिनं आवाज आणखी खाली आणला. “तुम्ही बोलू नका हं काही.”

दुकानाच्या किल्लीसाठी ती मालकांच्या घरी गेली, दुकान उघडून कोरणी घेतली आणि जवळजवळ धावतच घरी आली. साडेपाच वाजले होते. लेक भाजी निवडत होती.

रेघ चौकटीवरून आतल्या भिंतीवर आणि तिथून कॉटच्या लोखंडी पायापर्यंत गेली होती. पायावरच्या हिरव्या रंगावर तिचं टोक होतं. ती गुडघे टेकून बसली, भिंग डोळ्याला लावलं, आणि टोकाच्या पुढं कोरणी फिरवून थेंब दिला. चांगला गोल, दीड मिलिमीटर. 

“आई, आता कॉटवरही पाटी लावतेस का? ‘इथे इस्त्रीवाली झोपते’?”

“लावीन,” ती म्हणाली. हसली सुद्धा. लेकीला तिनं त्या रात्री आपल्याजवळ बाहेर झोपवलं, आत उंदीर आहे म्हणून.

भिंगातून तिनं एक गोष्ट पाहिली होती, ती तिनं स्वतःला सांगितली नव्हती. कॉटच्या पायावरची रेघ अगदी किंचित वर वळलेली होती.

७

तेवीस फेब्रुवारी, रविवार. ढगाळ, वारा पडलेला.

लाँड्रीला रविवार नसतो. लेक दोनला आली, हात धुतले आणि आत जाऊन कॉटवर आडवी झाली. “मेले मी. आज चादरीच चादरी.”

“हाताला काय झालं?”

“कुठं? अगं, ते. लागलं असेल काहीतरी. रात्री तू घोरायला लागलीस म्हणून मी उठून कॉटवरच झोपले, सकाळी दिसलं.” तिनं डावा हात पुढं केला. मनगटाच्या आतल्या बाजूनं एक ओरखडा वर गेला होता. “गंमत म्हणजे दुखत नाही अजिबात. चार वाजता उठव मला.”

तिला झोप लागेपर्यंत आई दारात उभी राहिली. मग कॉटच्या पायाशी बसली. थेंब होता तिथंच होता. रेघ त्याला वळसा घालून गेली होती, ओहोळ दगडाला घालतो तसा. पायावरून ती कॉटच्या कडेला, कडेवरून चादरीवर, तिथं एक एक धागा कापलेला, आणि चादरीवरून मनगटावर.

तिनं भिंग ओरखड्यावर धरलं. कातडीत स्वच्छ, दोन्ही कडा सारख्या, असा बारीक छेद होता. रक्त नव्हतं. तळाशी केसाएवढी दुसरी रेघ होती.

तिची पाचावर धारण बसली, आणि तरीही डोकं चालत राहिलं. मोजमापाला सरावलेलं डोकं होतं ते. पट्टी लावली. सहा सेंटिमीटर. रेघ चढती होती, म्हणून बारीक होती. कोपराच्या खाली दोन बोटांवर वरचा फास येणार. त्यानंतर उतरती रेघ.

उतरती रेघ जाड असते. तिच्यासाठी कोरणी खोल घालावी लागते.

डॉक्टर? डॉक्टरला ती काय सांगणार होती? लेकीला उठवून दूर न्यावं? किती दूर? रेघेनं कुलूप मोजलं नव्हतं, दीड किलोमीटर मोजलं नव्हतं. ओरखड्याच्या टोकाला थेंब द्यावा? चढत्या रेघेवर थेंब बसत नाही, कॉटच्या पायाशी आत्ताच पाहिलं होतं. अक्षर पुरं व्हायचंच होतं. प्रश्न एवढाच होता की कशावर.

आणि मग तिला धंद्यातला मंत्र आठवला. कोरणी पेन्सिलीच्या रेघेमागून जाते.

तिनं स्टूल कॉटजवळ ओढलं, चपला काढून खाली सरकवल्या. पेन्सिलीला टोक केलं, लांब. डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडली आणि तो हात लेकीच्या हाताला भिडवून ठेवला, कातडीला कातडी. लेकीचा हात ऊबदार होता, इस्त्रीचा वास येत होता. लहानपणी ताप आला की ती असाच हात ठेवून बसायची, तेव्हा लेक म्हणायची, आई तुझा हात खरखरीत आहे, पण काढू नकोस.

ओरखड्याच्या टोकापासून तिनं पेन्सिल न उचलता अलगद ओढत नेली, लेकीच्या कातडीवरून नखभर, मग आपल्या हातावर. वळणाचं तिला एकच अक्षर येत होतं. तेच काढलं. बारीक चढ. वरचा फास, मास्तरांनी सांगितलं तसा जरा आवळून. सरळ उतार, दाबून. खालचा फास. परत रेघेवर, उजवीकडे शेपूट. शेपूट लहान ठेवलं. टोकाला थेंब काढला आणि तो गिरवून काळा केला.

आजवरचं हे सगळ्यात चांगलं आलं. पानभर अक्षरांत असं एकही नव्हतं.

मग ती थांबली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर कुणीतरी कपडे वाळत टाकत होतं, ओल्या कपड्याचा झटका ऐकू आला. लेकीनं झोपेत ओठ हलवले.

कर्र.

तिनं या वेळी नजर हटवली नाही. ओरखड्याचं टोक हललं. ते क्षणभर वर, कोपराच्या दिशेनं गेलं, केसभर, आणि थबकलं, वाटेवर दुसरी वाट दिसल्यावर माणूस थबकतो तसं. मग ते वळलं. पेन्सिलीची करडी रेघ पुढून नाहीशी होऊ लागली. आणि त्या टोकामागं, भिंतीवर तिला दिसत नव्हतं ते, आता इतक्या जवळून तिला दिसलं: कोरणी धरावी तशी मिटलेली बोटं. अंगठ्यावर जुना व्रण होता. तिच्याच अंगठ्यावर होता तसा.

“हळू,” ती त्या हाताला म्हणाली, शिकणाऱ्याला म्हणावं तसं. “ती उठेल.”

८

लेकीला पाच वाजून चाळीस मिनिटांनी जाग आली. घरात दुसरं कुणी नव्हतं. कॉटजवळ स्टूल होतं, स्टुलाखाली चपला, फरशीवर पेन्सिल. बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

पोलिसांनी बुधवारी, सव्वीस तारखेला पेटी उघडली. तळाशी चादरीत पितळी पाटी निघाली. तिच्यावर दोन अक्षरं होती, दोन्ही सारखी, एकमेकांना जोडलेली. मधलं शेपूट नऊ मिलिमीटर. दुसऱ्या अक्षराच्या शेपटीला थेंब होता. मालकांनी भिंगातून पाहून सांगितलं की दोन्ही अक्षरं एकाच हातची आहेत, वरचा फास मात्र दुसऱ्याचा जास्त आवळलेला आहे.

भिंतीवर, चौकटीवर आणि कॉटच्या पायावर रेघ नव्हती. कॉटच्या पायावर एक थेंब होता, दीड मिलिमीटरचा.

लेकीच्या हातावरचा ओरखडा नवव्या दिवशी गेला. खूण राहिली नाही.

चाळीस पाट्या अठ्ठावीस तारखेला विश्रामगृहात पोचल्या. पॉलिशवाल्यानं दोन दिवसांत सगळ्या बसवल्या. एक्केचाळिसावी लेकीजवळ आहे, ओट्यावरच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून. ठोकळाबाई सापडली नाही.